भुऱ्याचा सव्वा महिना

थंडी पडली की लोकांना उत्साह येतो, मला राग येतो. दिवाळी उलटली की बोरगावात आमच्या गल्लीतल्या बायका गाद्या-गोधड्या उन्हात टाकतात, ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसतात आणि मी दिसले की विचारतात, "आजी, यंदा थंडी जास्त हाय नाई?" जास्त नाही आणि कमी नाही. थंडी दरवर्षी तेवढीच असते, घरातली माणसं कमी झाली की ती जास्त वाटते. पण हे त्यांना सांगून काय उपयोग? मी "हो गं बाई" म्हणते आणि दार लावून घेते.

यंदा मात्र दार लावूनही सुटका झाली नाही. शेजारच्यांची नात नागपूरहून एक पिंजरा घेऊन आली. मी भिंतीच्या अलीकडे चहा ढवळत होते आणि पलीकडून शीळ आली. उंच, लांब, शेवटाला वर चढत जाणारी. चाळीसहून जास्त वर्षांत मी तो आवाज ऐकला नव्हता. तरी काय सांगू, दुसऱ्या शिळेला मी उठले आणि स्वयंपाकघरात कोथिंबिरीच्या काड्या शोधायला लागले. मग भानावर आले. म्हटलं, अगं बाई, निघालीस कुठे? तुझ्या गुडघ्यांना विचारलंस का?

संध्याकाळी ती पोर पिंजरा घेऊन माझ्याकडेच आली. आत दोन गिनीपिग. "आजी, हे असं ओरडते काऊन?"

"एकटं वाटत असेल."

"पण दोन हायेत न!"

"दोन असूनही वाटतं," मी म्हटलं. पोरीला ते पटलं नाही. मला पटायला केळझरला एक अख्खा हिवाळा काढावा लागला होता.

तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते, केळझरच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण. लग्न झालेलं नव्हतं. का नव्हतं ते विचारू नका. त्या काळी जो तो विचारायचा, आणि सांगून सांगून माझ्याजवळची सगळी कारणं संपली आहेत. आईवडील आर्वीला असतानाच वारले, भाऊ जबलपूरला नोकरीला. मी राधाकाकूंच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायचे. राधाकाकू घरमालकीण. शेतीवाडीचं मोठं खटलं, पुढच्या अंगणात दिवसभर राबता, आणि मागे मी. मधे एक भिंत. जेवणाच्या वेळेला भिंतीपलीकडून बारा-चौदा ताटांचा आवाज यायचा. माझ्या बाजूला एक ताट, एक वाटी, एक पेला. भांडी घासायला वेळ लागत नाही, याला लोक सुख म्हणतात. घ्या म्हणावं ते सुख.

वेचणीचे दिवस होते. ओसरीत कापूस, माजघरात कापूस, काकूंच्या केसांत कापूस. नागपूर रस्त्याने कापसाच्या गाड्या जायच्या आणि दोन्ही बाजूंच्या बाभळी आपला वाटा ओरबाडून घ्यायच्या. सकाळी शाळेत जाताना काट्याकाट्यावर पांढरे पुंजके दिसायचे. मुली ते वेचून टकळीच्या तासाला आणायच्या आणि त्यांचं सूत कातायच्या. मी रागवायचे, कारण काड्याकचऱ्याने सूत तुटायचं. आता वाटतं, उगाच रागवले. सूत काय, कसंही तुटतंच.

त्या वर्षी वर्ध्याच्या एका डॉक्टरीणबाईंची बदली झाली. क्षयरोग्यांच्या थुंकीच्या तपासणीसाठी त्यांनी गिनीपिग पाळलेले होते. जाताना चार शिल्लक राहिले, तीन माद्या आणि एक नर. मारून टाकायला त्यांचा हात होईना. मी शाळेत निसर्ग शिकवते हे कळल्यावर त्यांनी देवदारी खोक्यात घालून ते माझ्याकडे पाठवले. बरोबर चिठ्ठी होती. चिठ्ठीतलं एक वाक्य मला अजून पाठ आहे: 'नराला माद्यांपासून वेगळा ठेवा, यांचं पहिलटकरीण व्हायचं वय उलटलंय, आता दिवस गेले तर पिल्लू अडकेल आणि मादी मरेल.'

वय उलटणं म्हणजे काय हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

हेडमास्तरांनी ते जनावर शाळेत ठेवायला साफ नकार दिला. मग खोकं माझ्या पडवीत आलं. राधाकाकू कमरेवर हात ठेवून बघायला आल्या. "नाव डुकराचं, तोंड सशाचं, न शेपूट कोनाचीच नाई! बाई, हे खाते काय?" मी म्हटलं, "तुमचा कापूस नाही खात, एवढं नक्की." काकू हसल्या. तशा त्या वाईट नव्हत्या. त्यांना फक्त सगळ्या गोष्टी आपापल्या जागी लागायच्या.

मी खोक्याच्या मधोमध सरकती फळी बसवली. एकीकडे पांढरी, चांदी आणि ठिपकी. दुसरीकडे भुऱ्या, मातकट रंगाचा, रुंद गालांचा, आपल्याच तोऱ्यात चालणारा. दोन दिवस तोरा टिकला. नंतर तो फळीच्या फटीला नाक लावून बसला तो बसलाच. तिकडे तिघी एकमेकींच्या अंगावर चढून उबेला झोपायच्या आणि इकडे हा गडी शिळा घालायचा. शाळेतून आले की शीळ, दिवा लावला की शीळ. मी ओरडायचे, "गप रे! मी घालते का शिळा?" पंधरा दिवसांत त्याचे गाल उतरले. हरळी टाकली तर हुंगायचा आणि परत फटीशी जाऊन बसायचा.

सुखदेवभाऊ आले ते काकूंच्या गोऱ्ह्यासाठी. ते सेलूच्या ढोर दवाखान्यात कंपाउंडर होते, राहायला केळझरच्या कडेच्या वस्तीत. चाळिशीचा, सडसडीत, कमी बोलणारा माणूस. आमच्याकडे गोऱ्हे खच्ची करायचे ते हिवाळ्यात, माशा नसतात तेव्हा. पूर्वी ठेचायचे, बडवणं म्हणत त्याला, जनावर ओरडून गाव गोळा करायचं. सुखदेवभाऊंनी दवाखान्याचा लोखंडी चिमटा आणला आणि गोऱ्हा अर्ध्या मिनिटात मोकळा व्हायला लागला. 'सुखदेवाचा हात' असं पंचक्रोशीत म्हणायचे. त्या दसऱ्याला त्यांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, वस्तीतल्या सगळ्यांनीच घेतली, आणि गावाची जीभ जरा वाकडी झाली. पण हाताला कोणी नाव ठेवू शकत नव्हतं. काकूसुद्धा त्यांना मागच्या गल्लीने, कोठ्याच्या, म्हणजे गोठ्याच्या, बाजूने यायला सांगायच्या, पण बोलवायच्या त्यांनाच.

कोठ्यात हात धुताना त्यांना शीळ ऐकू आली. पडवीपाशी येऊन ते उकिडवे बसले. "हा काऊन असा बसून राह्यला?"

मी चिठ्ठीतली गोष्ट सांगितली. त्यांनी भुऱ्याला उचललं, उताणा केला, बघितलं, परत ठेवला.

"मंग बैलावानी करून टाकू न याले. राहीन तिघींत आरामात."

"एवढ्याशा जिवाला? जमेल?"

"बोकड केले, गोऱ्हे केले. पन याले चिमटा नाई चालत, कापा लागते. डॉक्टरसायबाले इचारून येतो."

डॉक्टर आधी पोट धरून हसले म्हणे. मग पुस्तक काढून चित्र दाखवलं आणि बाटलीत थोडं ईथर दिलं. मधल्या दिवसांत, ज्यांनी दसऱ्याला दीक्षा दिली होती, ते दिल्लीला वारल्याची बातमी आली. सुखदेवभाऊ बरेच दिवस दिसले नाहीत. आले तेव्हा डोक्यावरचे केस काढलेले होते. मी चहा टाकला. पहिल्या खेपेला मी त्यांना चहा वेगळ्या कपात दिला होता आणि तो कप वेगळ्या कोनाड्यात ठेवला होता. सांगताना लाज वाटते, पण ठेवला होता. त्या दिवशी मी सगळे कप एकत्र धुतले.

नाताळच्या सुट्टीत, भर दुपारी, पडवीतल्या उन्हात भुऱ्याचं ऑपरेशन झालं. जेवायचा पाट उलटा केला, त्यावर माझ्या जुन्या लुगड्याची घडी. कापसाच्या बोळ्यावर ईथर घालून मी भुऱ्याच्या नाकाशी धरायचं होतं. वास असा की मलाच गरगरायला लागलं. "बाई, तोंड तिकडं करा. तुमीच झोपल्या त मी कोनाकोनाले पाहू?" ते वर न बघता म्हणाले. ती जाडी, चिमट्याची सवय असलेली बोटं रेशमी धाग्याला गाठ मारताना मी बघितली आणि माझी भीती गेली. दोन बारीक छेद, चार टाके, वर पिवळी पूड. सगळं मिळून पाऊण तास. माझ्या हाताखाली त्याचा श्वास चालू होता, वर-खाली, वर-खाली. एखाद्या जिवंत गोष्टीला इतका वेळ हात लावून मी किती वर्षांनी बसले होते कोण जाणे.

हत्यारं उकळत्या पाण्यात टाकताना ते म्हणाले, "आता एक काम. सव्वा महिना फळी उचलू नोका."

"सव्वा महिना? अहो, झालं ना सगळं?"

"वरून झालं. आत जुनं राह्यते काई दिवस. बैलाले बी आमी सांगतो, चिमटा लावला न लगेच गाईत सोडू नोका. बाळंतिनीवानी मोजा. सव्वा महिना म्हंजे सव्वा महिना."

मी कॅलेंडरवर खूण केली. विज्ञान शिकवणारी बाई मी, मला हे सांगायला नको होतं. पण त्यांनी दोनदा सांगितलं.

ते दिवस आठवले की मला पहिल्यांदा आठवतो लसूणघासाचा वास. दर तिसऱ्या दिवशी सुखदेवभाऊ सेलूहून येताना सायकलच्या मागे लसूणघासाच्या हिरव्या चाऱ्याची पेंढी लावून आणायचे. टाके बघायचे, पायरीवर बसून चहा प्यायचे. आम्ही फार बोलायचो असं नाही. आज कोणाची म्हैस अडली, शाळेत कोणती मुलगी येईनाशी झाली, एवढंच. एकदा ते म्हणाले, "माह्या पोरीले तुमच्या शाळेत टाकीन म्हनतो." मी म्हटलं, "टाकाच." एवढ्याशा बोलण्यावर माझे तीन दिवस निघायचे. तिसरा दिवस उजाडला की मी शाळा सुटल्याबरोबर घरी, हेडमास्तरांची चकाट्या पिटायची वेळ चुकवून. कोणाची तरी वाट बघणं हे वाट न बघण्यापेक्षा बरं असतं, हे तेव्हा मला नव्यानेच कळलं. भुऱ्या खायला लागला. शीळ मात्र थांबली नाही.

आणि संक्रांत आली. त्यांचा यायचा दिवस नेमका संक्रांतीलाच पडत होता.

संक्रांतीचं हळदीकुंकू सवाष्णींचं. काकूंच्या अंगणात दुपारपासून नव्या बांगड्यांची किणकिण, सुगडात बोरं, गाजरं, हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे. लहान कुमारिकांनाही बोलावतात, कौतुक करतात. एकोणतीस वर्षांच्या कुमारिकेचं काय करायचं हे कोणत्या शास्त्रात लिहिलेलं नाही. काकूंनी सुनेच्या हाती भिंतीवरून वाटीभर तिळगूळ दिला. "बाई, गोड बोला," सून म्हणाली आणि पळाली. मी पण तिळाचे लाडू वळले होते. ते ताटलीत मांडून पायरीवर बसले. चार वाजले, पाच वाजले. पाखरं टेकडीकडे गेली. गल्लीतून सायकल काही आली नाही.

नंतर कळलं. त्यांनी ते सण सोडले होते. त्या दिवशी आले असते तर मी तिळगूळ पुढे केला असता, आणि नाही म्हणून माझं मन मोडायचं त्यांच्या जिवावर आलं असतं. म्हणून ते आलेच नाहीत. ही त्यांची रीत होती. पण त्या संध्याकाळी मला ते कुठे माहीत होतं? मला वाटलं, गावाला तर मी नकोच होते, यांनाही नको. पलीकडे बायका उखाणे घेत होत्या, खिदळत होत्या. अलीकडे भुऱ्या फटीला नाक लावून शीळ घालत होता. मला रडू फुटलं, आणि रडू फुटलं याचा भयंकर राग आला. "जा रे बाबा," मी म्हटलं, "निदान तुझा तरी सण होऊ दे." आणि मी फळी उचलली.

अठरा दिवस झाले होते. मला माहीत होतं अठरा झाले आहेत. कॅलेंडर समोर होतं. वाटलं, एका रात्रीने काय होतंय!

भुऱ्या आधी बावरला. मग अंग घुसळत, गुरगुरत तिघींभोवती फिरला, आणि थोड्या वेळाने चौघांचा एक ढीग झाला. कोणाचं तोंड कुठे, कोणाचे पाय कुठे, काही कळेना. शीळ बंद. इतकी शांतता त्या पडवीत कधी नव्हती. मी दोन लाडू खाल्ले आणि त्या हिवाळ्यात पहिल्यांदा गाढ झोपले. सकाळी त्याला उचलून पलीकडे ठेवला, फळी घातली. दोन दिवसांनी सुखदेवभाऊ आले तेव्हा मी काही बोलले नाही. त्यांनीही संक्रांतीचा विषय काढला नाही.

सव्वा महिना भरला तेव्हा त्यांनी स्वतः फळी काढली. "जा रे भुऱ्या, सुटला तू," म्हणाले. काकूसुद्धा बघायला आल्या होत्या. चौघं लगेच एक झाली, जशी काही जुनी ओळखच. होतीच जुनी ओळख. मी दुसरीकडे बघत राहिले.

शिमग्याच्या आधी ठिपकीचं पोट दिसायला लागलं. मी स्वतःला सांगत होते, लसूणघास जास्त होतोय. सुखदेवभाऊंनी तिला तळहातावर घेतलं, दुसऱ्या हाताने पोट चाचपलं आणि मग त्याच हाताच्या पेरांवर काहीतरी मोजलं. काकू अंगणातून सूप घेऊन आल्या होत्या, त्याही थांबल्या.

"बाई," ते हळू म्हणाले, "मधात कधी फळी उघडी राह्यली होती काय?"

किती सोपं होतं. काकू तिथे नसत्या तर मी सांगितलं असतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला समजावलं. खरं सांगायचं तर नसतं सांगितलं. फळी उघडली म्हटलं की का उघडली ते सांगावं लागलं असतं. तुमची वाट बघत होते, तुम्ही आला नाहीत, म्हणून. अविवाहित बाईने हे कोणापुढे सांगायचं?

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी ठिपकीला अलगद खोक्यात ठेवलं. मग आवाज चढवून, काकूंना नीट ऐकू जाईल असं म्हणाले, "मंग माहा हात चुकला."

गावाला तेवढंच पाहिजे होतं. रागवायला कारण आधीपासून होतं, आता बोलायला मिळालं. चहाच्या हॉटेलात, पारावर, 'कंपाउंडरनं उंदीर बडवला न उंदीर बाप झाला!' ते सायकलवरून गेले की पोरं मागून हेच ओरडायची. माझ्या वर्गातल्या मुलीसुद्धा कुजबुजायच्या आणि हसायच्या. काकू म्हणाल्या, "ढोराचा मानूस, नाजूक कामात काऊन हात घातला?" त्यांनी दुसऱ्या गोऱ्ह्याला जुन्या माणसाकडून ठेचून घेतलं. त्याच्या ओरडण्याने माझी पडवी हादरली. बाकीचे लोकही सुखदेवभाऊंना बोलावीनासे झाले. ज्या हाताला कोणी नाव ठेवू शकत नव्हतं, त्याला सगळ्यांनी ठेवलं. आणि एका शब्दात ते मिटवू शकणारी मी फळ्यावर फुलाचे भाग काढत होते.

मार्चअखेर, वार्षिक परीक्षेचे दिवस. दुपारी पेपर संपवून आले तर ठिपकी कोपऱ्यात फुगून बसलेली, डोळे अर्धे मिटलेले. मी काकूंच्या गड्याला सेलूला पिटाळलं. सुखदेवभाऊ उन्हातून घामाघूम होऊन आले. आले, हे विशेष. करंगळीला तेल लावून त्यांनी प्रयत्न केला. पिल्लू आडवं नव्हतं, काही नव्हतं, फक्त वाट नव्हती. डॉक्टरीणबाईंनी लिहिलं होतं अगदी तसं. ठिपकी ओरडली नाही. दात कराकरा वाजवत होती, बस. पाच वाजता ती गेली. पोटात दोन पिल्लं होती, तीही गेली.

त्यांनी तिला आपल्या रुमालात गुंडाळलं, कोठ्यामागे खड्डा करून पुरलं, हात धुतले, आणि माझ्यासमोर येऊन हात जोडले. "बाई, माफ करजा मले."

आणि मी त्या माणसाला माफ केलं. "जाऊ द्या हो," असं म्हणाले मी. काय माणूस असतं!

भुऱ्या, पांढरी आणि चांदी पुढे दोन वर्षं एकत्र राहिली. एकही पिल्लू झालं नाही. त्याची शीळ गेली, गाल भरले. मी मात्र तो ढीग बघायला पडवीत जाईनाशी झाले. घास टाकायचा आणि आत यायचं. तिसरा दिवस यायचा आणि जायचा. पायरीवर आता कोणी बसत नव्हतं. एकटं राहणं मला येत होतं. आपल्या हाताने एकटं होणं वेगळं. त्यात कोणाला दोष देता येत नाही, म्हणून ते फार वेळ टिकतं.

वैशाखात कळलं, सुखदेवभाऊंनी बदली मागून घेतली. समुद्रपूर तालुक्यात, जामकडे. दुसऱ्या दिवशी निघणार होते. मी तशीच उठले, चपला घातल्या आणि वस्तीत गेले. सात वर्षं केळझरला राहून त्या वाटेवर मी पहिल्यांदा पाय ठेवत होते. घरापुढे बैलगाडी उभी, सामान अर्धं चढलेलं. त्यांची बायको चुलीपाशी, आई बाजेवर, पोरं गाडीवर. मला बघून सगळे उभे राहिले. बायकोने आतून सतरंजी आणून टाकली. मी बसले नाही. बसले असते तर बोलता आलं नसतं.

"सुखदेवभाऊ, तुमचा हात चुकला नव्हता. संक्रांतीला मी फळी उचलली होती. एक रात्र."

ते दोरी बांधत होते. गाठ पूर्ण केली, मग वळले.

"मालूम हाय मले."

"कधीपासून?"

"पोट हातात घेतलं तवाच. फळी मी काढली त्याले महिना बी झाला नव्हता, न पोट त लय मोठं. या जनावरायले सवादोन महिने भरा लागते, डॉक्टरसायबानं सांगतलं होतं. मागं मोजत गेलो त संक्रांतीपाशी येऊन थांबलो." ते जरा हसले. "त्या दिशी मी आलो नाई न."

"मग काकूंसमोर असं का म्हणालात? लोक किती बोलले तुम्हाला! रोज बोलले!"

"बोलले त बोलले, बाई. मले घरी हे सारे हायेत. माय हाय, बायको हाय, पोरं हायेत. संध्याकाळी घरी आलो का इसरतो." मग सरळ माझ्याकडे बघत म्हणाले, "तुमाले गावानं बोललं असतं, त तुमाले कोन हाय?"

कुत्सितपणा नव्हता त्यात, दया पण नव्हती. दवाखान्यात जनावराला काय झालंय ते विचारतात तसं त्यांनी विचारलं होतं, आणि उत्तरासाठी थांबले होते. खरंच थांबले होते. बायकोही चुलीपाशी हात थांबवून बघत होती.

उत्तर मला येत होतं. 'तुम्ही आहात की.' तीन शब्द. त्या हिवाळ्यात लसूणघासाच्या प्रत्येक पेंढीबरोबर ते खरं होत आलं होतं, आणि समोर उभ्या असलेल्या त्या चार-पाच जणांना त्यात काही वावगं वाटलं नसतं, हे मला आज कळतं. मी पदर सारखा केला, "येते" म्हटलं, आणि आले.